हातात एक्क्यांची जोडी, आणि तरी हार

प्रश्न : आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री कोथरूडला एका मित्राच्या घरी टेक्सास होल्डेम, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन आणि सर्वांसाठी टेबलावर पाच उघडी पाने असलेला पोकर, खेळतो. पैसे लावत नाही. चिप्सच्या जागी चिंचोके असतात आणि ज्याचे आधी संपतील त्याने पुढच्या शनिवारी सर्वांसाठी खारी आणायची असते. ही खारी बहुतेक वेळा मलाच आणावी लागते, आणि नवल म्हणजे वाईट पानांमुळे नव्हे, चांगल्या पानांमुळे. मागच्या वेळी मला एक्क्यांची जोडी आली. बाकीच्यांनी घाबरून पाने टाकू नयेत म्हणून मी रेज (लावलेले वाढवणे) न करता दोन चिंचोक्यांचा नुसता कॉल (लागलेले तेवढेच भरणे) केला. चौघेही आत आले, फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन उघड्या पानांत, चौकटची नव्वी, चौकटची अठ्ठी आणि किलवरची दुर्री पडली, आणि बिग ब्लाइंडवर (पाने पाहण्याआधीच ठरलेले चिंचोके लावावे लागतात त्या जागी) बसलेल्याने नव्वी-अठ्ठीच्या दोन जोड्या दाखवून सगळे नेले. त्याच रात्री राजांच्या जोडीवर मी रेज केला, तेव्हा फक्त शेजारचे काका सोबत राहिले. राणी, दश्शी, तिर्री, मग दुर्री आणि शेवटी नव्वी अशी पाने उघडली. फ्लशची (एकाच चिन्हाच्या पाच पानांची) शक्यता नव्हती. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १२० चिंचोके असताना मी ६० लावले, तर काकांनी ते १८० वर नेले. एवढा चांगला हात सोडवेना म्हणून मी कॉल केला. त्यांच्याकडे राजा-गुलाम, म्हणजे स्ट्रेट (ओळीने पाच पाने) होता. हे काका कधी थाप मारत नाहीत, हे मला ठाऊक होते. तरीही चुकलो. चांगल्या हातावर रेज केव्हा करावा, कॉल केव्हा आणि फोल्ड (पाने टाकणे) केव्हा?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : दोन्ही डावांत तुम्ही आपलीच पाने पाहून आपली ताकद ठरवली. होल्डेममध्ये हात चांगला की वाईट हे त्यावर ठरत नाही. आता चिंचोके लावले तर आपल्यापेक्षा हलका हात घेऊन ते कोण भरणार आहे, यावर ठरते. भरणारे पुष्कळ असतील तर रेज करावा. आपण रेज केला की हलके हात पळतील आणि फक्त भारी हात उरतील असे वाटत असेल तर कॉल करावा. समोरच्याच्या खेळीत हलका हात बसतच नसेल, तर आपली जोडी कितीही देखणी असली तरी खाली ठेवावी.

एक्क्यांचा डाव आधी पाहू. एक्क्यांची जोडी २२१ डावांत सरासरी एकदा येते. कोणत्याही एका अनोळखी हातासमोर ती शंभरात सुमारे ८५ वेळा जिंकते, तर चौघे शेवटपर्यंत राहिले तर सुमारे ५६ वेळा. पाच जणांत ५६ हा आकडा मुळीच वाईट नाही, म्हणून चौघे आत आले याचे दुःख करू नका. ते दोन-दोन चिंचोक्यांत आत आले याचे करा. तुम्ही आठ केले असते आणि चौघांनीही ते भरले असते, तर हरूनसुद्धा तुमची खेळी बरोबरच ठरली असती, कारण सर्वांत पुढे असताना तुम्ही जास्तीत जास्त माल आत घेतला असता. बिग ब्लाइंडवाल्याला तर नव्वी-अठ्ठी घेऊन फ्लॉप फुकट पाहता आला, आणि ती मेजवानी तुम्हीच दिलीत. ‘घाबरून पळतील’ ही भीती घरगुती बैठकीत फारशी खरी नसते. आपल्याकडे शनिवारी रात्री पाने टाकायला कोण बसतो?

त्या फ्लॉपवर चौकटची दोन पाने होती, हेही विसरू नका. हातात चौकटची दोन पाने असलेल्याचा फ्लश पुढच्या दोन पानांत सुमारे ३५ टक्के वेळा पुरा होतो आणि एकच पान उरले असेल तर ४६ पैकी ९ पानांनी, म्हणजे जेमतेम २० टक्के वेळा. टर्नवर, म्हणजे चौथे पान उघडल्यावर, तुम्ही पॉटच्या निम्मे लावले, तर त्याला एकूण रकमेच्या २५ टक्के भरावे लागतात. २० टक्क्यांच्या आशेसाठी २५ टक्के मोजणारा गिऱ्हाईक आपल्याला हवाच असतो. तुम्ही गप्प बसलात तर तो तेच पान फुकट पाहतो.

राजांचा डाव अधिक शिकण्यासारखा आहे, कारण त्यात साठ लावणे बरोबर होते आणि पुढचे एकशेवीस चूक. साठ लावले तेव्हा काकांकडे एक्का-राणी असण्याचे १२ प्रकार आणि राजा-राणी असण्याचे ६ प्रकार होते (दोन राजे तुमच्याच हातात असल्याने ते सहाच उरतात), आणि हे अठराही हात कुरकुरत का होईना, साठ भरणारे होते. राजा-गुलाम असण्याचे प्रकार अवघे ८. पण काकांनी १८० केले त्या क्षणी हे अठरा हात नाहीसे झाले, कारण एक राणीची जोडी घेऊन तिथे रेज करणारे काका हे नव्हेत. आता हिशेब पाहा : पॉटमध्ये ३६० आणि तुम्हाला भरायचे १२०, म्हणजे चारात एकदा जिंकलात तरी बरोबरी. काका चारात एकदा थाप मारतात का? तुम्हीच लिहिता की कधीच मारत नाहीत. मग उत्तर तुमच्या पत्रातच होते. लावतानाच मनाशी ठरवावे की रेज आला तर सोडायचे. हे ठरलेले असले की ‘सोडवेना’ असे होत नाही.

हीच राजांची जोडी, हीच पाने, पण समोर प्रत्येक डावात चिंचोके उधळणारा एखादा तरुण असता आणि लावण्याची सुरुवात त्यानेच केली असती, तर मी रेजही केला नसता आणि फोल्डही. नुसता कॉल. रेज केला तर तो थाप सोडून देतो आणि खरा स्ट्रेट असेल तरच थांबतो. कॉल केला तर त्याच्या थापेतले चिंचोकेही आपल्याकडे येतात.

प्रश्न : तीन पत्तीत ट्रेल (एकाच दर्जाची तीन पाने) सर्वांत वर असते. पोकरमध्ये तीन एक्के साध्या फ्लशला का हरतात? आणि फ्लश स्ट्रेटच्या वर कसा?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : कारण पाने तीनऐवजी पाच असतात आणि क्रम दुर्मीळपणावरून लागतो. तीन पानांच्या २२,१०० हातांत ट्रेल फक्त ५२, साधी सीक्वेन्स (ओळीने तीन पाने) ७२० आणि कलर (एकाच चिन्हाची तीन पाने) १,०९६, म्हणून तिथे सीक्वेन्स कलरच्या वर. पाच पानांच्या २५,९८,९६० हातांत एकाच दर्जाची तीन पाने ५४,९१२ वेळा, स्ट्रेट १०,२०० वेळा आणि फ्लश केवळ ५,१०८ वेळा येतो, म्हणून तिथे सगळे उलटे. जाता जाता, तीन पत्तीत प्युअर सीक्वेन्स (एकाच चिन्हाची ओळीने तीन पाने) ४८च असतात, म्हणजे ट्रेलपेक्षाही कमी. पण दिवाळीच्या बैठकीत हे काढून पाहा, कोणी ऐकणार नाही.

प्रश्न : सरावासाठी मोबाइलवर पैसे लावून खेळावे का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यास मनाई केली आहे. फुकट चिप्सच्या अॅपवर पाने ओळखण्याचा सराव होईल. फोल्डचा होणार नाही, कारण तिथे कोणीच फोल्ड करत नाही. त्यापेक्षा कोथरूडच्या वाचकांसारखी खारीची अट ठेवा.