कॅलिफोर्नियातील इन्यो काउंटीचे मुख्यालय इंडिपेंडन्स एवढे लहान का राहिले?

एवढ्या अवाढव्य काउंटीचा कारभार हजार वस्तीही नसलेल्या गावातून का चालतो आणि ते गाव वाढले का नाही, असे आपण विचारले आहे. मी लॉस एंजेलिसमध्ये राहतो. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला येते, असे म्हटले तरी चालेल.

इन्यो काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे २६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट आहे. २०२० च्या जनगणनेत मात्र तेथे जेमतेम १९ हजार माणसे भरली. पश्चिमेला सिएरा नेवाडा, पूर्वेला इन्यो पर्वत आणि मधल्या ओवेन्स खोऱ्यात, सुमारे १,२०० मीटर उंचीवर, हे गाव आहे. समुद्रावरून येणारे ढग सिएरावरच रिते होतात. सह्याद्रीमागच्या माणदेशाची जी गत, तीच या खोऱ्याची. तरीही शिखरांवरचा बर्फ वितळून खाली उतरणाऱ्या ओढ्यांमुळे येथे पाणी होते, आणि गोरे वसाहतवाले येण्यापूर्वीच पायुट लोक पाट काढून ते रानकंदांना देत असत.

त्यांच्याशी लढण्यासाठी लष्कराने ४ जुलै १८६२ रोजी येथे छावणी टाकली आणि तो अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन असल्याने तिचे नाव इंडिपेंडन्स ठेवले. पुढच्याच वर्षी सुमारे हजार पायुटांना याच छावणीतून फोर्ट तेहोनकडे पायी नेण्यात आले. १८६६ मध्ये काउंटी स्थापन झाली, तेव्हा छावणीजवळ उभ्या राहिलेल्या या वस्तीला मुख्यालयाचा मान मिळाला.

गावाचे खरे भवितव्य ठरले ते १९०५ पासून, जेव्हा लॉस एंजेलिसने खोऱ्यातील जमिनी, पाण्याच्या हक्कांसह, विकत घेण्यास सुरुवात केली. १९१३ मध्ये पूर्ण झालेला सुमारे ३७५ किलोमीटरचा जलमार्ग पंपाविना, केवळ उतारावर ते पाणी शहरात नेतो. ओवेन्स सरोवर १९२६ पर्यंत आटले. १९२४ च्या नोव्हेंबरात खोऱ्यातील शेतकऱ्यांनी लोन पाइन गावाजवळचे जलमार्गाचे दरवाजे उघडून चार दिवस पाणी पुन्हा नदीच्या पात्रात सोडले. पण या लढ्याचे पुढारी असलेल्या वॉटरसन बंधूंच्या बँका १९२७ मध्ये बुडाल्या आणि अपहाराच्या खटल्यात दोघे दोषी ठरले. तो खटला इंडिपेंडन्सच्याच न्यायालयात चालला. एवढ्याशा गावाला न शोभणारी ती खांबांची पांढरी इमारत हमरस्त्यालगत आजही उभी आहे आणि माझ्या मते गावात पाहण्यासारखी पहिली वस्तू तीच.

दक्षिणेला दहा किलोमीटरवर मॅन्झनार आहे. तेथील सफरचंदांच्या बागाही शहराने विकत घेतल्या होत्या, आणि त्याच जमिनीवर १९४२ ते १९४५ या काळात जपानी वंशाच्या सुमारे दहा हजार लोकांना काटेरी तारांआड ठेवले गेले. त्यांतील बहुतेक लॉस एंजेलिस भागातलेच होते.

आजही खोऱ्याच्या तळाची बहुतांश जमीन लॉस एंजेलिसच्या मालकीची आहे आणि उरलेला बराचसा प्रदेश केंद्र सरकारचा. काउंटीतील खाजगी जमीन दोन टक्क्यांहूनही कमी. घर बांधायचे म्हटले तरी जागा कोठून आणणार? न्यायालय आणि सरकारी कचेऱ्या यांवर गाव तग धरून आहे. गावातून वाहणारा इंडिपेंडन्स क्रीक हा ओढासुद्धा पूर्वेला थोड्या अंतरावर जाऊन त्याच जलमार्गात उतरतो.