आमिषाचे मासे दुपारपर्यंत का टिकत नाहीत?

प्रश्न : आमचे गाव हिडकल जलाशयाच्या काठी आहे. १४ फुटी फायबरच्या होडीतून मी गळ टाकतो. मरळ जिवंत आमिषावर चांगला लागतो, म्हणून पहाटे धरलेले लहान मासे ५० लिटरच्या गोल पिंपात ठेवतो व त्यात काचपेटीतल्या माशांसाठी मिळतो तो हवेचा पंप सोडतो. तरीही उन्हाळ्यात ११ वाजेपर्यंत निम्मे मासे उलटे होतात. कायमची टाकी करायची तर होडीला भोक पाडावे लागेल का?
– एक वाचक, हुक्केरी तालुका

उत्तर : पिंप तेच राहू द्यावे, कोपरे नसल्यामुळे ते चौकोनी टाकीपेक्षा उजवेच आहे. आपण हवा देता, पण पाणी तेच राहते, आणि अडचण तिथेच आहे. पाणी तापू लागले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो (२० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच) आणि नेमकी त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज वाढते. शिवाय त्यांच्या कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया पाण्यात साचत जातो. तो बुडबुड्यांनी जात नाही, त्यासाठी पाणीच बदलावे लागते.

भोक पाडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १२ व्होल्टचा, पाण्यात बुडणारा लहान पंप होडीच्या काठावरून बाहेर, पृष्ठभागाच्या तापलेल्या थराखाली हातभर खोल सोडावा. तासाला ४०० लिटर पाणी आले तरी पिंपातले पाणी आठ वेळा बदलते. पंप मोठा निघाल्यास नळीवर तोटी बसवावी, कारण जोराच्या धारेने लहान मासे थकूनच मरतात. नळीचे तोंड पिंपाच्या कडेला तिरपे ठेवल्यास पाणी संथ गोल फिरते आणि मासे प्रवाहाकडे तोंड करून स्थिर पोहतात. वरच्या बाजूला होडीबाहेर जाणारी सांडनळी आत येणाऱ्या नळीच्या दुप्पट रुंद असावी व तिच्या तोंडाला जाळी लावावी; ती तुंबली तर पाणी होडीत साचेल, हे ध्यानात असू द्यावे.

पंप २ अँपिअर घेत असेल तर सहा तासांत १२ अँपिअर-तास लागतात. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, म्हणून ती २५ ते ३० अँपिअर-तासांची घ्यावी, बंद पेटीत ठेवावी आणि तिच्या लगतच फ्यूज बसवावा.

भरलेले पिंप ५० किलोंहून जड होते. ते मध्यभागी, तळाशी घट्ट बांधावे. अर्धवट भरल्यास आतले पाणी हेलकावून होडी कलंडवू शकते. सुरुवातीचे पाणीही जलाशयाचेच घ्यावे, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांना मारते आणि बोअरच्या पाण्यात प्राणवायू फारच कमी असू शकतो. आमिष कृष्णेवरून किंवा दुसऱ्या तळ्यातून आणले असेल, तर उरलेले मासे हिडकलमध्ये सोडू नयेत.