पेटी आउट्रमची नाही, तरीही सुताराच्या हाती देऊ नका

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. धरणगावच्या वाड्यात माळ्यावर सापडलेली, उघडली की लिहायला उतरता पाट होणारी पितळी कोपऱ्यांची पेटी दुरुस्त कशी करायची, ही एक. आणि चुलतसासरे म्हणतात तशी ती आउट्रमसाहेबाची आहे का, ही दुसरी. दुसरी आधी घेतो. तिचं उत्तर पेटीवरच आहे आणि दुरुस्तीत पहिल्यांदा तेच पुसलं जातं.

धरणगावात जुनी इंग्रजी वस्तू निघाली की ती आउट्रमची ठरते. जेम्स आउट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं 1825 मध्ये भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावात, तेव्हा सांगणाऱ्याला दोष नाही. पण तुमच्या फोटोत कुलपाच्या पट्टीवर मुकुट आणि ‘व्ही. आर.’ ही अक्षरं स्पष्ट दिसतात. ती व्हिक्टोरिया राणीची. राणी गादीवर आली 1837 ला आणि आउट्रमनं खानदेश सोडला 1835 ला. कुलूप मागाहून बदललं असेल, असं चुलतसासरे म्हणतील (म्हणणारच!), तर बिजागरीचे स्क्रू काढून बघा. टोकदार असतील तर ते 1850 च्या आसपासचे किंवा नंतरचे. त्याआधीचे स्क्रू बोथट बुडाचे असत, डोक्यावरची खाचही बरेचदा मधोमध नसे. सगळेच टोकदार निघाले तर विषय संपला. ज्या भोकातला स्क्रू त्याच भोकात परत जाऊ द्या.

झाकणावरची आद्याक्षरं पहिल्या मालकाची असतील. पण साहेब लोक बदली होऊन निघाले की बंगल्यातलं सामान लिलावात निघायचं, आणि घेणारे आपलेच असायचे: वकील, शिरस्तेदार, कापसाचे व्यापारी. जुन्या सिव्हिल लिस्टा, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांच्या याद्या, आता इंटरनेटवर मिळतात, त्यात ती अक्षरं जुळवून बघायला हरकत नाही. शोधताना एवढं ध्यानात ठेवा की 1906 पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता आणि कचेरी धुळ्याला होती. जळगावच्या नावाखाली शोधाल तर काही हाती लागणार नाही.

मला साहेबापेक्षा त्याच्यानंतरचा मालक जास्त दिसतोय. तुम्ही लिहिलंय की बुडाला ‘वाळलेली माती’ चिकटली आहे आणि सुतार ती खरवडून काढणार आहे. फोटो मोठा करून बघितला, त्यात गवताच्या बारीक काड्या आहेत. ती माती नाही, सारवणाचा शेणकाला आहे. साहेबाची पेटी टेबलावर असते. ही कुणीतरी सारवलेल्या जमिनीवर ठेवून, समोर मांडी घालून वापरली आहे, आणि बरीच वर्षं. दौतीच्या खणाशेजारी जो पिवळट-लाल डाग आहे, तो हळदकुंकवाचा दिसतो. दिवाळीला वहीपूजनात दौत-लेखणीची पूजा होते, तिथे पेटीलाही बोट लागणारच. म्हणजे हिशेब लिहिणारं घर. आत एखादा चिटोरा सापडला आणि त्यावर 1948 असं साल असलं, तर लगेच स्वातंत्र्यानंतरचा समजू नका. आपल्याकडचे मारवाडी, गुजराती व्यापारी विक्रम संवत लिहीत. संवत 1948 म्हणजे इसवी 1891-92. साल शालिवाहन शकाचं असेल तर 78 मिळवा. कागद हाताचा, जाडाभरडा असेल तर मला जरूर कळवा. एरंडोल आणि यावल ही दोन्ही गावं एके काळी अशा कागदासाठी नावाजलेली होती.

आता दुरुस्ती. सुतार म्हणतो, ‘ताई, नवीकोरी करी देसू’, आणि त्याचं ते खरंच आहे. काचपेपर मारून मेलामाईन चढवलं की पेटी आजच दुकानातून आणल्यासारखी दिसेल. पण अशा पेट्यांवर वरून शिसमाचा नाहीतर महोगनीचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा. काचपेपर कडेला दोनदा जास्त फिरला की खालचं हलकं लाकूड उघडं पडतं, आणि त्यावर उपाय नाही. आधी झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात कापसावर थेंबभर स्पिरिट घेऊन टेकवा. चिकट झालं तर जुनं पॉलिश चपडी लाखेचं. मग ते काढायची गरजच नाही. टर्पेंटाइननं मळ पुसा, वाळू द्या, आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचे पातळ हात मऊ कापडाच्या बोळ्यानं द्या. पितळेला चिंच लावू नका, तिचं पाणी लाकडात उतरून डाग पडतो.

शाईच्या डागांचं विचारलंत. हिराकस घातलेल्या शाईचा डाग ऑक्झॅलिक ॲसिडनं फिका होतो, काजळीच्या शाईचा होत नाही. मी म्हणेन, दोन्ही राहू द्या. लिहिण्याच्या पेटीवर शाई असणार नाही तर काय असणार?

सुटलेला पापुद्रा आणि सांधे सरसानंच (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या जुन्या पद्धतीच्या गोंदानं) चिकटवा, फेव्हिकॉलनं नको. सरस गरम पाण्यानं पुन्हा सुटतो, म्हणजे पुढच्या माणसाला वाट राहते. झाकणावरची फट मात्र आत्ता वैशाखात भरू नका. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत लाकूड आक्रसलेलं असतं. आज लांबी (पुट्टी) भरलीत तर श्रावणात लाकूड फुगेल आणि शेजारचा पापुद्रा उचलून धरेल. पावसाळ्यात फट किती उरते ते बघा, कदाचित भरायला काही राहणारही नाही. भुंग्याची भोकं जुनी की चालू हेही तोवर कळेल. पेटीखाली काळा कागद अंथरा, पीठ पडलं तर किडा जिवंत आहे.

हिरवी बनात फाटली आहे म्हणून फेकू नका. पाटाच्या दोन फळ्या त्या कापडावरच वळतात, त्यामुळे ते बदलावं लागेल, पण सोडवताना ओलं न करता पातळ सुरीनं अलगद सोडवा. नवीन बनात बायंडर वापरतात त्या खळीनं बसते. आणि दौतीचा खण बाहेरून मोजा, मग आतून मोजा. फरक दोन-तीन बोटं निघाला तर मधली पातळ फळी वर ओढून बघा. या जातीच्या पेट्यांत तिच्यामागे स्प्रिंगची पट्टी आणि चोरखण असतात. जोर लावू नका, खिळ्यानं उचकटू तर मुळीच नका.

बनातीखाली टीपकागद आहे म्हणालात. तो सपाट ठेवून उजेडात फोटो काढा आणि मोबाइलमध्ये आरशात दिसतो तसा डावा-उजवा उलटा करा. टिपलेली अक्षरं सुलट होतात. मोडी असेल तर इथे टाका, मी प्रयत्न करतो. मला नाही लागलं तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचारा, मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे तिथे. आणि तोवर सुताराला बुडाला हात लावू देऊ नका.