कृषी सल्ला: वाळवी मारू की अळमी खाऊ?

सत्तरीतल्या एका काकांनी वहीतून फाडलेल्या कागदावर दोन प्रश्न लिहून पाठवले आहेत. कागदाच्या मागे नातवाचे तेराचे पाढे आहेत, तेही तपासून दिले. पहिला प्रश्न असा: "नवीन माडांच्या रोपांना वाळवी लागली, जालीम औषध सांगा." आणि लगेच खाली: "कुळागराच्या (सुपारीच्या मिश्र बागेच्या) वरच्या अंगाला रोयण (वाळवीचे वारूळ) आहे. पूर्वी तिच्यावर टोपलीभर अळमी (रानटी अळंबी) उगवायची. यंदा एकही नाही. खत कोणते घालू?"

काका, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही पहिल्या प्रश्नातच देऊन ठेवले आहे. रोयणीवरची अळमी आपण पेरत नाही, वाळवी पेरते. सगळ्या जातींची वाळवी नव्हे, काही ठरावीक जातींची. सुका पाला, कुजके लाकूड चघळून ती रोयणीच्या पोटात नेते, त्याची पोळ्यासारखी जाळीदार वाफी करते आणि त्यावर बुरशी वाढवते. लाकूड पचवायचे काम बुरशीचे, ती खायचे काम वाळवीचे. पावसाळ्यात हीच बुरशी छत्री उघडून वर येते आणि आपण पानात बांधलेला वाटा घेताना बाजारात घासाघीस करतो. ही अळमी माणसाला व्यापारी पद्धतीने अजून पिकवता आलेली नाही. तेव्हा युरिया नको, शेण नको. गेल्या वर्षी त्या रोयणीत कोणी वाळवीचे औषध ओतले होते का, एवढे घरात विचारा. माझा संशय धाकट्या मुलावर आहे.

माडाच्या रोपांसाठी पहिली गोष्ट म्हणजे बुंध्याशी साचलेला सुका कचरा दूर करा, वाळवी त्याच्याच वासाने येते. बुंध्यावरची मातीची कवचे खरवडून काढा आणि लिटरभर पाण्यात 50 मिली निंबोळी तेल, थोडा साबणाचा फेस घालून, बुंध्याला फडक्याने पुसा. औषध रोपापुरते ठेवा, रोयणीकडे वळवू नका. अळमी काढताना सगळी खुडू नका, चार-दोन पूर्ण उघडू द्या आणि कुदळ तर अजिबात लावू नका.

याच घरातून काकूंचा निरोप आला आहे की अळमी शिजवताना लसूण टाकावी, काळी पडली तर विषारी. काकू, हे खरे नाही. लसूण, चांदीचे नाणे, तांदूळ यांपैकी कशानेही विष कळत नाही. जी अळमी तुमच्या सासूबाईंनी ओळखीची म्हणून दाखवली तीच शिजवा. नवी दिसली तर फोटो काढा आणि तिथेच सोडा. अगदीच खावीशी वाटली तर भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी घ्या. पेंढा भिजवून, गरम पाण्यात तासभर उकळवत ठेवून, निथळून पिशवीत बियाणे भरले की तीन-चार आठवड्यांत तोडणी येते. चव रोयणीची नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरा विषय हॉटेलात बन आणि पातळभाजी खाताना निघाला, म्हणून त्याला अर्ज क्रमांक नाही. शेजारच्या टेबलावरून एकाने विचारले, "साहेब, माड झाड की गवत? मोबाइलवर वाचले की सरकारने त्याला झाडातून काढले."

बातमी जुनी आहे. गोव्याच्या 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यातून 2016 साली माडाला वगळले होते. चहाच्या टेबलावर तेव्हा जेवढे वनस्पतिशास्त्र बोलले गेले तेवढे मी कॉलेजात ऐकले नव्हते. 2017 साली माड परत झाडांत आला, वर राज्यवृक्षही झाला. एवढी बढती आमच्या खात्यात कोणाला मिळाली नाही.

शास्त्राने पाहिले तर माड एकदल, म्हणजे भात, ऊस, बांबू यांच्या भावकीतला. आंब्याचे खोड दर वर्षी बाहेरून जाड होते, जखम झाली तर हळूहळू साल तिच्यावर चढते. माडाला ती सोय नाही. त्याच्या खोडाला झालेली खाच जन्मभर खाचच राहते. म्हणून चढण्यासाठी कोयत्याने पायऱ्या कापू नका, आणि निवडणुकीचे फलक खिळ्यांनी ठोकू देऊ नका, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. ओल्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो आणि शेंडा कोलमडल्यावरच आपल्याला कळते. "मग पाडेली (नारळ पाडणारा) चढणार कसा?" असे त्यानेच पुढे विचारले. पाडेली आधी मिळू द्या! चढायचे यंत्र मिळते, त्याने खोडाला इजा होत नाही. गावात दोघा-तिघांनी मिळून एक घेतले तरी पुरते.

पानांत त्रिकोणी कातरकाम दिसत असेल तर तो गेंड्या भुंगा. त्याच्या अळ्या तुमच्याच शेणखताच्या खड्ड्यात वाढतात. खड्डा उपसून पाहा, करंगळीपेक्षा जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या सापडल्या तर कोंबड्यांना बोलवा. बाकी मी सांगायची गरज पडणार नाही.

माकडांबद्दल तिघांनी विचारले. तिघांनाही एकच उत्तर: नुकसान झाले त्याच दिवशी फोटो काढा, कृषी कार्ड घेऊन कार्यालयात या. माकडांना समजावण्याचे काम माझ्या कक्षेत येत नाही.

आता सुपारी, कारण या आठवड्यातले निम्मे फोन तिचेच. "शिपुटांतून (घडांतून) हिरवी सुपारी गळते, देठाजवळ काळपट ओला डाग, दोन दिवसांनी वर पांढरी लव." हा कोळेरोग. संततधार पाऊस आणि कुळागरातला ओलसर काळोख त्याला मानवतो. बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पाऊस धरण्याआधी व्हायला हवी होती. ज्यांनी केली त्यांनी 40 ते 45 दिवसांनी दुसरी करावी. ज्यांनी केली नाही त्यांनी मला कारणे सांगू नयेत, उघडीप मिळताच करावी. गळलेली सुपारी पोफळीखाली कुजत ठेवू नका, गोळा करून बागेबाहेर नष्ट करा. रोग तिथूनच परत वर चढतो.

बोर्डो मिश्रण एक टक्क्याचे: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपात. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत बारीक धारेने सोडायचे आणि काठीने ढवळत राहायचे. उलटे करायचे नाही. हे मी ठासून सांगतो कारण नोकरीच्या पहिल्या पावसात मीच उलटे केले होते, तेही चाळीस बागायतदारांसमोर प्रात्यक्षिक दाखवताना. चुना ओतला, मिश्रण फाटलेल्या दुधासारखे झाले, पंपाचे तोंड तुंबले. कोणी हसले नाही, तेच जास्त लागले. एक म्हातारे आजोबा पुढे आले, कमरेच्या आकड्यातला कोयता काढला, त्याचे पाते मिश्रणात मिनिटभर धरले आणि वर काढून मला दाखवले. पात्यावर तांबूस थर चढला होता. "चुना उणा," एवढेच म्हणाले.

तीच परीक्षा अजून सगळ्यात सोपी. पाते तांबडे झाले तर मोकळे तांबे शिल्लक आहे, ते पानांना आणि शिपुटांना भाजते. चुन्याची निवळी थोडी थोडी वाढवा, पाते स्वच्छ निघेपर्यंत. रंग आभाळी निळा हवा. लोखंडी भांड्यात करू नका आणि केलेले त्याच दिवशी संपवा. फवारा शिपुटांवर चारही बाजूंनी बसला पाहिजे, अर्धे औषध खालच्या मिरवेलीवर आणि अर्धे गड्याच्या डोक्यावर पडून उपयोग नाही.

शेवटचा प्रश्न तिसवाडीतल्या एका वहिनींचा. "सात शिरांच्या भेंडीला भौगोलिक मानांकन मिळाले असे वाचले. आमच्या परसातल्या भेंडीला सहाच शिरा आल्या. आता काय?"

वहिनी, पोलीस येत नाहीत. साध्या भेंडीला शिरा पाच. शेजारच्या वाफ्यात संकरित भेंडी असेल तर मधमाश्या दोन्हीकडचा परागकण इकडचा तिकडे करतात आणि पुढच्या पिढीत शिरांचा हिशेब चुकतो. बियाणे शुद्ध ठेवायचे तर सात शिरांचीच, जोमदार, पाने पिवळी न पडलेली दोन-तीन झाडे निवडा. उद्या उमलेल असे वाटणाऱ्या कळीला संध्याकाळी कागदी पिशवी घालून सैल बांधा. फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते, आतल्या आत फळ धरते. दुसऱ्या दिवशी पिशवी काढा, देठाला लाल दोरा बांधा आणि घरात सर्वांना सांगा की लाल दोऱ्याची भेंडी कढीत जाणार नाही. हे सांगणे विसरलात तर चवथीला ती कढीतच सापडेल, आमच्याकडे दोन वर्षे तेच झाले. पिवळ्या शिरांचे झाड दिसले तर उपटून टाका, पांढरी माशी तो रोग सगळ्या वाफ्यात पसरवते.

सहा शिरांच्या भेंड्या तोवर खा. टोक बोटाने मोडून पाहा. टक् वाजले तर तव्यावर, नुसते वाकले तर गुरांच्या दावणीत.