‘थीफ’ हा चोराचा गेम आज खेळण्यासारखा आहे का? त्यात नुसतं लपायचंच असतं का?

हो, बहुतेक वेळ लपायचंच, आणि मजा त्यातच आहे. लुकिंग ग्लास स्टुडिओजचा १९९८ चा पहिला भाग, ‘द डार्क प्रोजेक्ट’, घ्या. आपण खेळतो तो चोर, गॅरेट, तलवारबाजीत कच्चा. दोन पहारेकरी अंगावर आले की खेळ खलास. स्क्रीनच्या तळाशी एक रत्न असतं, ते जितकं काळं तितके तुम्ही अदृश्य. पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची. फरशीवर पावलं वाजतात, गालिच्यावर नाही. म्हणून शेवाळाचा बाण मारून वाट मऊ करायची! ‘एक्स्पर्ट’ या सर्वांत अवघड पातळीवर तर माणूस मारायलाच बंदी. ग्राफिक्स जुनाट आहेत, पण हेडफोन लावून रात्री खेळा. भुताखेतांच्या लेव्हल्स मला कंटाळवाण्या वाटल्या. निव्वळ चोरीच हवी असेल तर २००० चा दुसरा भाग सरस.