भावाला कोलायटिस आहे. इम्युनिटी जास्त झाली असेल, तर इन्फ्लिक्सिमॅबच्या आधी टीबीची तपासणी कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ 24 वर्षांचा, अल्सरेटिव्ह कोलायटिस, तीन आठवडे प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) 40 मिग्रॅ चालू, तरी रक्त थांबत नाही. आता डॉक्टर इन्फ्लिक्सिमॅब म्हणताहेत आणि त्याआधी टीबीची इग्रा ही रक्ततपासणी. इम्युनिटी इतकी तेज की स्वतःचंच आतडं खाते, तर तिच्यापुढे टीबीचा जंतू टिकेल कसा? पैसे उगाच जात नाहीत ना? आणि आई देते तो गिलोयचा काढा चालू ठेवावा का?

पैसे उगाच नाहीत. पण तपासणी तीन आठवडे उशिरा सांगितली गेली, आणि नेमक्या याच उशिरावरून लॅबवाल्यांनी भरपूर बोलणी खाल्ली आहेत. म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, इम्युनिटी ‘जास्त’ आणि ‘कमी’ हे शब्द आधी सोडा. ती काही गॅसची शेगडी नाही, की एकच बटण फिरवलं की सगळं कमी-जास्त होईल. मोठ्या आतड्याचं अस्तर एका पेशीच्या जाडीचं असतं. त्यावर चिकट द्रवाचे दोन थर: बाहेरच्या सैल थरात जंतू सुखाने नांदतात, आतल्या घट्ट थरात जवळजवळ एकही नसतो. कोलायटिसमध्ये हा चिकटा तयार करणाऱ्या गॉब्लेट पेशी कमी होतात, आतला थर विरतो, आणि एरवी चार हात लांब असणारे जंतू थेट अस्तराला येऊन टेकतात. अस्तराखाली मॅक्रोफेज पेशी पहाऱ्याला असतातच. निरोगी आतड्यातल्या मॅक्रोफेज जंतू गिळतात, पण बोभाटा करत नाहीत. आजारात रक्तातून नव्या मोनोसाइट पेशींची भरती होते. त्यांच्या अंगी ही इथली रीत मुरलेलीच नसते. त्या टीएनएफ, आयएल-1 बीटा, आयएल-23 ही सूज पेटवणारी निरोपी प्रथिनं सोडत सुटतात.

यातला टीएनएफ नीट समजून घ्या, कारण भावाचं औषध त्यालाच धरतं. तो अस्तराच्या पेशींमधली शिवण उसवतो, म्हणजे आणखी जंतू आत. रक्तवाहिन्यांना आतून चिकट करतो, म्हणजे रक्तात वाहते न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तिथेच अडकतात आणि आतड्याच्या भिंतीत उतरतात. शिवाय काम संपल्यावर ज्या टी पेशींनी (जंतूंची ओळख ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी) मरायला हवं, त्यांना मरू देत नाही. बायॉप्सीच्या काचेवर हा सगळा गोंधळ डोळ्यांनी दिसतो. निरोगी आतड्यातल्या ग्रंथी स्टँडमध्ये लावलेल्या परीक्षानळ्यांसारख्या सरळ उभ्या असतात. इथे त्या वेड्यावाकड्या, फाटे फुटलेल्या, आणि पोकळीत न्यूट्रोफिलचा गच्च गोळा; त्याला क्रिप्ट ॲबसेस म्हणतात. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन हे याच न्यूट्रोफिलच्या पोटातलं प्रथिन. दर ग्रॅमला 50 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर ठीक, 250 च्या वर असेल तर आग चालू आहे असं समजा. (कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक घेतलं तरी हा आकडा चढतो, तेव्हा नमुना देताना गोळ्या सांगाव्यात. हे कोणी सांगत नाही.)

दुसरी बाजू ब्रेकची. नियामक टी पेशी आयएल-10 सोडून हे सगळं आवरतात. ज्या बाळांत आयएल-10 चा रिसेप्टर जन्मतःच नादुरुस्त असतो, त्यांना पहिल्या काही महिन्यांतच भयंकर कोलायटिस होतो, आणि अस्थिमज्जा बदलली की तो आटोक्यात येतो. आणखी एक उदाहरण: आयएल-17 सूज वाढवतं म्हणून क्रोन्सच्या (कोलायटिसचाच भाऊबंद असलेला आतड्याचा आजार) रुग्णांत ते अडवून पाहिलं, 2012 मध्ये निकाल आला, आणि आजार उलट बळावला, कारण तेच आयएल-17 अस्तराची डागडुजीही करतं. आता सांगा, यात ‘जास्त’ काय आणि ‘कमी’ काय?

आता टीबी. आपल्याकडे कित्येकांच्या शरीरात टीबीचा जंतू झोपलेला असतो. मॅक्रोफेज त्याच्याभोवती कडं करतात, त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात, आणि ते कडं घट्ट धरून ठेवतो तो हाच टीएनएफ. आतड्यातली आग विझवायला टीएनएफ बांधला, की तिकडे फुप्फुसातलं कडं सुटतं. इन्फ्लिक्सिमॅब क्रोन्ससाठी 1998 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. 2001 मध्ये त्यानंतर टीबी झालेल्या 70 रुग्णांची नोंद छापून आली. निम्म्याहून जास्त जणांत टीबी फुप्फुसाबाहेर होता. म्हणून खोकला नाही म्हणजे टीबी नाही, हे इथे चालत नाही.

आता भांडणाचा मुद्दा. क्रोन्सचा एक रुग्ण, महिनाभर स्टिरॉइड 40 मिग्रॅवर, आणि मग मान्टू, म्हणजे टीबीची कातडीवरची तपासणी. 0.1 मिली कातडीच्या आत, फुगवटा 8 मिमी, वाचन 72 तासांनी, लाली सोडून फक्त घट्टपणा मोजलेला: शून्य. इन्फ्लिक्सिमॅब ठरल्याप्रमाणे पहिल्या दिवशी, दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात. बाराव्या आठवड्याच्या सुमारास ताप, पोटात पाणी, पोटाचा टीबी. आणि मग ‘लॅबचा रिपोर्ट चुकला’ हे पालुपद. रिपोर्ट चुकला नव्हता. मान्टू म्हणजे टी पेशींना विचारलेला प्रश्न, की या जंतूची ओळख आहे का. महिनाभर स्टिरॉइडने ज्यांची वाचा बसवली, त्यांच्याकडून उत्तर कुठून येणार? स्टिरॉइडची पहिली गोळी पोटात जायच्या आधी मान्टू किंवा इग्रा, छातीचा एक्स-रे आणि हेपटायटिस बी, हा क्रम पाळला असता तर ही वेळ आली नसती.

इग्रा मान्टूपेक्षा बरी, कारण तिच्यातले ईसॅट-6 आणि सीएफपी-10 हे अंश बीसीजी लसीत नसतात, आणि गप्प बसलेल्या पेशी ती निदान ओळखू तरी शकते. चार नळ्या, प्रत्येकीत 1 मिली रक्त. एक रिकामी, दोन टीबीच्या, चौथी मायटोजेनची, म्हणजे टी पेशींना हटकून चेतवणाऱ्या द्रव्याची. तिच्यात कुठल्याही जागत्या टी पेशीने इन्टरफेरॉन गॅमा (इग्रात मोजतात ते निरोपी प्रथिन) सोडायलाच हवं. टीबीच्या नळीत रिकामीपेक्षा 0.35 युनिटच्या वर गेलं तर पॉझिटिव्ह (इतर अटी धरून). पण मायटोजेनमध्येच 0.5 च्या खाली आलं आणि टीबीच्या नळ्याही शांत, तर निकाल ‘इंडिटरमिनेट’. तो निगेटिव्ह नव्हे! तो फाइलमध्ये निगेटिव्ह म्हणून लावणाऱ्यांना काय म्हणावं.

चूक लॅबचीही होते, तेही सांगतो. नळ्या दहा वेळा हलवायच्या असतात, आतली भिंत पूर्ण ओली होईपर्यंत, कारण प्रतिजन भिंतीवर वाळवलेलं असतं. नुसत्या उलट्या-सुलट्या केल्या तर ते सुटत नाही. सरबतासारख्या घुसळल्या तर आतला जेल फुटून आकडे भलतेच येतात. रक्त घेतल्यापासून 16 तासांच्या आत नळ्या 37 अंशांवर ठेवायच्या, तिथे 16 ते 24 तास.

भावाचा निकाल पॉझिटिव्ह आला आणि सक्रिय टीबी नसला, तर सहसा आयसोनियाझिड (टीबीचं औषध) 300 मिग्रॅ रोज, सोबत पायरिडॉक्सिन (बी-6 जीवनसत्त्व), आणि इन्फ्लिक्सिमॅब साधारण महिनाभराने. आता गिलोय. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गिलोयनंतर यकृत सुजलेल्या रुग्णांची नोंद छापली, आणि ती सूज ऑटोइम्यून धर्तीची होती. आयसोनियाझिडही यकृतालाच त्रास देतं. दोन्ही एकदम चालू असताना एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) चढलं, तर दोष कोणाला देणार? काढा बंद. आईला सांगा, दोष तिच्या हातच्या जेवणाचा नाही, इंदूरच्या सराफ्यातल्या चरण्याचाही नाही. फक्त आतडं पेटलेलं असेपर्यंत पोह्यांवर जिरावण मसाला टाकू नका.

हे सगळं लिहिलं तरी एक गोष्ट राहतेच: दिवसातून दहा वेळा रक्ताचं शौच आणि ताप असेल, तर तपासणीसाठी स्टिरॉइड अडवून बसायचं नाही, तिथे आधी माणूस वाचवायचा. आणि निगेटिव्ह इग्राने सक्रिय टीबी नाही असंही ठरत नाही. निर्णय डॉक्टरांचा.

तपासणीच्या चिठ्ठीवर स्टिरॉइड कधी सुरू झालं ती तारीख आणि आजचा डोस लिहून घ्या. आणि शनिवारी दुपारी रक्त देणार असाल तर लॅबमध्ये आधी फोन करा. रविवारी नळ्या बाहेर काढायला माणूस आहे का, एवढं विचारा.