वॉशरची मोटर वाजते पण काचेवर पाणी येत नाही, आणि वायपर थरथरत चालतो. मोटर बदलावी का?

मोटर एवढ्यात बदलू नका. स्टिअरिंगजवळची दांडी ओढल्यावर घर्रर्र आवाज येतोय, म्हणजे फ्यूज, स्विच आणि वायरिंग शाबूत आहे. टाकी भरलेली असेल, तर पाणी वाटेत अडतंय किंवा गळतंय.

मागच्या काचेलाही वॉशर असेल तर आधी तो चालवून बघा. बऱ्याच गाड्यांत पंप (म्हणजे हीच मोटर) एकच असतो, उलटा फिरला की पाणी मागे जातं. तशा गाडीत मागे धार नीट आली तर पंपावरचा संशय जवळजवळ संपला.

आता बॉनेट उघडा आणि कुणाला तरी दांडी ओढायला बसवा. बॉनेटच्या बिजागरीपाशी नळी वाकून वाकून चिरते, टी-जोडावरून निसटतेही. तिथे ओल दिसेल. नळी धड असेल तर ती नोझलच्या (काचेवर पाणी उडवणाऱ्या तोंडाच्या) बुडातून काढून परत दांडी ओढा. जोरात धार आली की दोष नोझलचा. एकेरी धारेच्या नोझलमध्ये बारीक सुई हलकेच फिरवा, क्षार साचले असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवा. फवारा मारणाऱ्या नोझलमध्ये मात्र सुई घालू नका, आतली रचना बिघडते. बाहेरच्या बाजूने हवा मारा.

नळीतूनच धार नाही? मग नळी धरून टाकीकडे मागे मागे या. वाटेत बाण कोरलेला प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असला तर तो नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणारी झडप, हाही चिकटतो. पंपाच्या तोंडाशीसुद्धा पाणी नसेल तर पंप टाकीतून ओढून काढा. बहुतेक वेळा तो रबरी कड्यात (ग्रोमेटमध्ये) नुसता दाबून बसवलेला असतो (टाकी रिकामी होईल, खाली भांडं ठेवा). तिथली जाळी शेवाळाने आणि साबणाच्या चिकट थराने बुजते. टाकीत शॅम्पू ओतायची सवय असेल तर ती सोडा. जाळी साफ करूनही धार आली नाही, तरच नवा पंप घ्या. तपासताना कोरडा पंप चालवत ठेवू नका, जळतो.

थरथरीचा याच्याशी संबंध आहेच, कारण कोरड्या काचेवर रबर अडखळतं. पाणी सुरू झाल्यावरही उड्या मारत असेल तर काचेवरचं मेण किंवा तेलकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबराची धारही त्यानेच पुसा. रबर कडक झालं असेल, चिरलं असेल, तर ब्लेडच बदला. नवं ब्लेड घालूनही एकाच दिशेला जाताना थरथरतं? मग वायपरचा आर्म, म्हणजे ब्लेड धरणारा दांडा, पिळलेला आहे. ब्लेड काढून टोकाकडून बघा, आर्मची चपटी बाजू काचेला समांतर दिसली पाहिजे. नसेल तर दोन पान्यांनी धरून अगदी थोडा पीळ द्या, एका वेळी एखादा अंश. ब्लेड काढण्याआधीच काचेवर जाड टॉवेल घाला. स्प्रिंगच्या जोराने उघडा आर्म आपटला तर काच तडकते.